येतोय ना आवाज?

…आणि वर मलाच विचारते, ‘त्सुकुदा-सान, येतोय ना आवाज?’ आता येतोय ना म्हणजे काय? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं, बा-वी-स, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मी कानाला हेडफोन लावून लोकांचे आवाजच ऐकतोय! राइस कुकरच्या कंपनीत तक्रार विभागात आहे मी, इथेच, ओकायामात. भात खालून लागला, वरून कच्चा राहिला, झाकण उघडत नाही, उघडलं तर बंद होत नाही, भात झाल्यावर कुकर जे गाणं वाजवतो ते सासूबाईंना आवडत नाही… काय वाट्टेल ते. आणि ही उराबेबाई, फोनच्या पडद्यावरची समुपदेशक, वय असेल छत्तीस-सदतीस, मागे एक कुंडी, कुंडीत एक खोटं झाड, ती मला विचारणार, आवाज येतोय का! येतोय, बाई. कानात येतोय. पुढे कुठे जातोय ते विचारू नका, एवढंच. तुम्हाला येतोय ना? मग मधूनमधून हं म्हणत जा. तेवढंच बरं वाटतं माणसाला.

मुळात मला ताण नव्हता. हे आधी लिहून घ्या. आमची कंपनी दर वर्षी सगळ्यांची ताणाची तपासणी करते. सत्तावन्न प्रश्न, प्रत्येकापुढे चार गोल. कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, कायम. ‘सकाळी उठल्यावर उदास वाटतं का?’ ‘घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही का?’ आता हे प्रश्न कुणी वाचतं का हो? आमच्या विभागात सहा माणसं, सहाही जण दर वर्षी डावीकडून दुसरा गोल भरतात. पहिला भरला तर माणूस खोटारडा दिसतो, चौथा भरला तर आजारी, दुसरा भरला की माणूस समजूतदार. बावीस वर्षं दुसरा गोल. आणि यंदा कुण्या शहाण्यानं तो कागद फोनवर आणला आणि आणताना गोलांची ओळ उलटी केली! डावीकडून दुसरा म्हणजे ‘बऱ्याचदा’. उदास? बऱ्याचदा. झोप येत नाही? बऱ्याचदा. सगळं सोडून निघून जावंसं वाटतं? बऱ्याचदा! बाकीच्या पाच जणांच्या लक्षात आलं. मी राहिलो.

मग काय, विभागप्रमुख मुगिता-सान यांनी मला काचेच्या खोलीत बोलावलं, दार लावलं, स्वतःच्या हातानं चहा ओतला. स्वतःच्या हातानं!  आवाज असा खाली आणून म्हणतात, “त्सुकुदा, असं काही होतं तर आधी बोलायचंस.” आता मी काय बोलणार? खरं सांगायचं तर सांगावं लागणार, साहेब, आम्ही कुणी ते प्रश्न वाचतच नाही, गेली बावीस वर्षं. म्हणजे सहाही जणांची अब्रू गेली. त्यापेक्षा आजारी ठरलेलं परवडलं. मी मान खाली घातली आणि म्हणालो, हं. बस. आमच्याकडे हं म्हणजे ‘ऐकतोय’ पण असतं आणि ‘कबूल’ पण असतं, कुठलं ते समोरच्यानं ठरवायचं. मुगिता-सान यांनी ‘कबूल’ ठरवलं. कंपनीतर्फे पाच बैठका ऑनलाइन समुपदेशन, दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता. या हंनं माझं काय काय केलंय ते सांगतोच पुढे.

आता हे बोलायचं कुठे बसून? आमचं घर दोन खोल्यांचं, मध्ये सरकतं कागदी दार. इकडे जांभई दिली तर तिकडे कळतं. कडी लागते ती फक्त न्हाणीघराला. म्हणून गुरुवारी सात वाजता मी न्हाणीघरात, अंगावर ऑफिसचा शर्ट, आंघोळीच्या बुटक्या स्टुलावर बसलेलो, टबावर झाकण टाकलेलं, झाकणावर साबणाच्या डबीला टेकून फोन. बायकोला वाटावं, आंघोळ चाललीय. पन्नास मिनिटं! आणि पन्नास मिनिटांनी मी बाहेर येतो तो खडखडीत कोरडा.

बायकोचं नाव चिझुरु. आता नाव घेताना मलाच चमत्कारिक वाटलं बघा, कारण आमची होनोका झाल्यापासून मी तिला आई म्हणतो आणि ती मला बाबा म्हणते, आणि होनोका साप्पोरोला नोकरीला जाऊन सहा वर्षं झाली तरी घरात आपले आई आणि बाबा, कुणाचे कोण जाणे. येतोय ना आवाज? हं.

तर पहिली बैठक. उराबेबाई म्हणाल्या, “काय त्रास होतोय?” मी म्हटलं, तसं काही नाही, जरा थकवा. “थकवा जाणवतोय तुम्हाला.” म्हटलं, हो, कामाचा. “कामाचा थकवा जाणवतोय.” आणि मी तिथेच स्टुलावर ताठ झालो. अहो, हे आमचं आहे! आमच्या तक्रार विभागाच्या पुस्तकात पान चारवर हेच लिहिलंय… ग्राहकाचे शेवटचे शब्द त्याला परत द्यावेत, त्यानं तो शांत होतो. पान पाच, दर वाक्यानंतर हुंकार द्यावा. पान सहा, ‘तुम्हाला फार त्रास झाला’ असं मऊ आवाजात म्हणावं, पण चूक आपली आहे असं कुठेही कबूल करू नये. ते पुस्तक मला पाठ आहे! नव्या पोरींना मी शिकवतो ते! आणि हे शिकवताना मी आणखी एक सांगत नाही, ते तुम्हाला सांगतो, की ‘अगदी बरोबर आहे तुमचं’ असं म्हणताना माझा उजवा हात वहीवर बदकं काढत असतो. बावीस वर्षांत हजारो बदकं काढली असतील मी. तेव्हा ही बाई मला ‘हं… हं…’ करायला लागली की माझी नजर सारखी तिच्या खांद्यावर. हात हलतोय का? काय काढत असेल? मांजर?

त्यात आमच्या न्हाणीघराच्या भिंती जाड, फोनला नीट सिग्नल नाही. बाईंचा हुंकार दोन वाक्यं उशिरा पोचायचा. मी म्हटलं, वडील गेले नोव्हेंबरात. पडद्यावर बाई हसऱ्या चेहऱ्यानं थिजलेल्या. मला वाटलं, ऐकलंच नाही, म्हणून काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, सगळं आटपल्यावर स्मशानाजवळच्या खानावळीत गरम उदोन खाल्ला, जाड जाड शेवया, झकास होता. आणि तेवढ्यात बाई हलल्या, चेहरा एवढासा झाला, आणि म्हणतात, “फार जड गेलं असेल.” आता याला काय म्हणायचं? म्हटलं, नाही हो, सूप पातळ होतं.

आणि हे कमी म्हणून भिंतीतली बाई! आमच्या पाणी तापवायच्या यंत्राला वाचा आहे. रोज साडेसातला ते आपोआप टबात पाणी सोडतं, मी ते बंद करायला विसरलेलो. बाई विचारतायत, “वडिलांशी शेवटचं काय बोलणं झालं?” आणि तुम्हाला सांगतो, मी खरंच सांगणार होतो, पहिल्यांदाच, मी तोंड उघडलं… आणि भिंतीतून टिंगटिंग टिंगटिंग, गोड आवाजात, “आंघोळीचं पाणी तयार आहे.” उराबेबाई दचकल्या. म्हणाल्या, “कुणी आहे का तिथे?” म्हटलं, नाही हो. कुणी नाही.

दुसऱ्या बैठकीनंतर बाईंनी गृहपाठ दिला. मी छप्पन वर्षांचा माणूस, मला गृहपाठ! काय, तर बायको आठवडाभरात जे बोलली त्यातली तीन वाक्यं लिहून आणा. यात काय अवघड आहे? आई दिवसभर बोलत असते की! बुधवारी रात्रीचं जेवण झाल्यावर वही घेऊन बसलो आणि… अहो, एक आठवेना. आवाज आठवतोय. भांड्यांच्या आवाजाबरोबर येतो, नळाबरोबर थांबतो, सगळं आठवतंय, पण शब्द? एक नाही. ओकिनावाच्या एका बाईनं अकरा वर्षांपूर्वी केलेली झाकणाची तक्रार मी तुम्हाला आत्ता तोंडपाठ म्हणून दाखवतो. आणि घरची? शेवटी लिहिलं. एक, जेवायला या. दोन, पाणी तयार आहे. तीन, मोजे उलटे टाकू नका. उराबेबाईंनी वाचलं, म्हणाल्या, “छान, पत्नी तुमची काळजी घेतात.” आणि मला आठवलं की दुसरं वाक्य बायकोचं नव्हतंच, ते भिंतीचं होतं.

आता खरं सांगू? लाज वाटली. तुम्ही लगेच हं म्हणू नका, जरा थांबा. खरंच वाटली. म्हणून मी ठरवलं, या आठवड्यात ऐकायचं. आणि ऐकायचं म्हणजे मला एकच प्रकार येतो, पुस्तकातला. तर शनिवारी जेवताना टीव्ही बंद केला. तिनं टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, रिमोट बघितला. म्हणाली, “बिघडला का?” म्हटलं, बिघडला का असं वाटतंय तुला. ती घास तसाच धरून बसली. मग म्हणाली, “मुळा जरा कडू निघाला आज.” म्हटलं, मुळा कडू निघाला, तुला फार त्रास झाला. “बाबा, ताप आहे का तुम्हाला?” म्हटलं, ताप आहे का असं… आणि तिनं चॉपस्टिक खाली ठेवल्या, उठून माझ्या कपाळाला हात लावला. तुम्हाला सांगतो, किती वर्षांनी तो हात माझ्या कपाळाला लागला असेल, मी हिशेब करायला गेलो आणि जमलं नाही. सुख वाटलं हो. मी तसाच बसून राहिलो.

आणि ती परत बसली, सूप ढवळायला लागली, आणि आपलं नेहमीच्या आवाजात, मुळ्याच्याच आवाजात म्हणाली, “एकतीसला गाडी येईल, सामान न्यायला.”

आता बघा, पुस्तक. पान चार. मी म्हटलं, एकतीसला गाडी येईल. “हो.” सामान न्यायला. “हो.” आणि तोवर मला काही कळलेलं नव्हतं, देवाशपथ, मी आपला शेवटचे शब्द परत देत होतो! पण पान सातवर लिहिलंय, नंतर तपशील विचारावा. म्हणून विचारलं, कुठलं सामान?

ती म्हणाली, “माझं.”

मात्सुएला तिच्या मावशीचं दुकान आहे, जुने किमोनो उसवून पुन्हा शिवून द्यायचं. मावशीच्या हाताला आता कंप सुटलाय, तर दुकान ही बघणार, दुकानाच्या वरच्या खोलीत राहणार. कायमची. आणि मला सांगते, “तुम्हाला विचारलं होतं की. तीनदा.” कधी? “ऑक्टोबरात पर्सिमॉनची फळं सोलताना. तुम्ही बेसबॉल बघत होतात. म्हटलं, मी जाऊ का, तर म्हणालात, हं. नवीन वर्षाला मोचीच्या तांदळाच्या वड्या भाजताना पुन्हा विचारलं. हं म्हणालात. गेल्या महिन्यात तुम्ही नखं कापत होतात, तेव्हा म्हटलं, नक्की ना? तेव्हा तर दोनदा म्हणालात, हं, हं.” आणि भिंतीवर कॅलेंडर! एकतीस तारखेला लाल गोल, आत बारीक अक्षरात ‘सामान’. रोज त्याच्याखाली उभा राहून मी बूट घालतोय! मला वाटलं, शेजाऱ्यांचं काहीतरी असेल.

भांडण नाही, बरं का. भांडण असतं तर बरं होतं, तक्रार असेल तर मी निस्तरतो, ते माझं काम आहे. म्हटलं, माझं काही चुकलं का? ती जरा विचार करून म्हणाली, “तिकडे एकटी असेन म्हणून एकटं वाटेल. ते चालतं.” आणि उठून भांडी घासायला लागली. बावीस वर्षांत असा ग्राहक भेटला नाही मला. येतोय ना आवाज?

पाचवी बैठक. शेवटची. एकतीसला पाच दिवस उरलेले. मी न्हाणीघरात शिरलो तेच म्हटलं, बाई, आज गप्पा नकोत, बायको चाललीय, काय करू सांगा. उराबेबाई म्हणतात, “तुम्हाला काय करावंसं वाटतंय?” अहो, मला माहीत असतं तर मी शर्ट घालून न्हाणीघरात कशाला बसलो असतो! म्हटलं, काहीतरी ठोस सांगा. “ठोस काहीतरी हवंय तुम्हाला.” आणि माझं डोकंच फिरलं! ज्या ग्राहकांना आम्ही आपसात राक्षस म्हणतो ना, तो मी झालो. म्हटलं, तुमच्या वरिष्ठांना द्या! ते हंहं बंद करा! तुमच्या हाताखालचं मांजर दाखवा मला! हंहं थांबलं. आणि मी बोलत सुटलो. काय बोललो ते सगळं नाही सांगत, थोडंसं सांगतो. म्हटलं, दिवसभर परक्या माणसांना हं देऊन देऊन घरी येईपर्यंत माझ्यात नुसता हंचा आवाज उरायचा, आत कुणी नसायचं. म्हटलं, चिझुरु, हो, चिझुरु म्हटलं मी, आई नाही, ती लग्नाच्या आधी चालता चालता मागे वळून विचारायची, ‘ऐकतोयस ना?’ आणि मी तिनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवायचो, आणि ती हसायची. कधी विचारायची थांबली, मला कळलंच नाही. म्हटलं, ती गेली तर या घरात माझ्याशी बोलणारं फक्त ते पाण्याचं यंत्र उरेल, आणि मला भीती वाटते हो बाई, मला फार भीती वाटते. रडलो. छप्पन वर्षांचा माणूस, टबाच्या झाकणावर डोकं ठेवून रडलो.

डोकं वर केलं. पडद्यावर बाई थिजलेल्या, तोंड अर्धवट उघडं. मग हलल्या. आणि म्हणतात, “त्सुकुदा-सान? येतोय ना आवाज? बराच वेळ काही ऐकू येत नव्हतं. वरिष्ठांना द्या, इथपर्यंत आलं. पुढचं पुन्हा सांगता का?”

तुम्हीच सांगा, असं काही पुन्हा सांगता येतं का?

फोन बंद केला, तोंड धुतलं, दार उघडलं. तर बाहेर आई. कपडे धुवायचं यंत्र तिथेच असतं ना, दाराला लागून, ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसलेली. माझेच मोजे, उलटे केलेले सुलटे करत. वर न बघता म्हणाली, “इतके गुरुवार टॉवेल कोरडा असतो, बाबा. मला काय कळत नाही?” म्हटलं, ऐकलंस? म्हणाली, “ऐकलं. सगळं.” मी वाट बघत उभा. तिनं मोज्यांची जोडी केली, ढिगावर ठेवली, वरून जरा थोपटली. मग म्हणाली, “पाणी गार झालं असेल. पुन्हा तापवायला लावते.” आणि भिंतीवरचं बटण दाबून आत गेली.  आणि नेमकं त्याच वेळी मला पुस्तकातलं एकही पान आठवलं नाही.

एकतीसला गाडी आली. दोन माणसांनी वीस मिनिटांत आवरलं. शिवणयंत्र, कपाट, तिची भांडी. आमच्या कंपनीचा जुना राइस कुकरही घेऊन गेली, म्हणाली, तुमच्यासाठी एकट्याला पुरेल असा छोटा घ्या. घेतला. तो भात झाल्यावर गाणं वाजवतो. त्या तक्रारीतल्या सासूबाईंना ते का आवडत नसेल, आता कळतंय मला.

आणि आता शेवटचं, मग तुम्हाला सोडतो. गेल्या मंगळवारी, दुपारी अडीच वाजता, ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, त्सुकुदा-सान, मात्सुएहून एक बाई आहेत, तुमचंच नाव सांगून मागतायत. मी फोन घेतला. आणि तिकडून, “तक्रार विभाग का? त्सुकुदा-सान आहेत ना?” आवाज तिचा! बाबा नाही हो, त्सुकुदा-सान! म्हणाली, झाकणाचं रबर सैल झालंय, कडेनं वाफ जाते. मी विचारलं, किती वाफ? ती सांगायला लागली. मग भात कसा होतो ते सांगितलं, मग मावशीला कसा लागतो, मग खिडकीतून तळं दिसतं, मग दुकानात कुणाचातरी लग्नातला किमोनो आलाय, त्याच्या आत जुन्या शिवणीत एक चिठ्ठी निघाली… चाळीस मिनिटं! तुम्हाला सांगतो, आमच्या संसारात चाळीस मिनिटं सलग आम्ही कधी बोललो नव्हतो. मी प्रत्येक शब्द लिहून घेतला. वहीवर एक बदक नाही. एक नाही! आणि मला कळत होतं, ही रबरासाठी फोन करत नाहीये, रबर कुठल्याही दुकानात मिळतं.

शेवटी मी विचारलं, विचारावंच लागतं, पान नऊ, “आपली आणखी काही तक्रार आहे का?”

ती म्हणाली, “आहेत. पण त्या कुकरच्या नाहीत.”

आणि मी… अहो, बावीस वर्षांची सवय हो, तोंडातून निघून गेलं, मऊ आवाजात, अगदी पुस्तकातल्यासारखं… “क्षमा असावी, त्या तक्रारी आमच्या विभागात घेतल्या जात नाहीत.”

तिकडे काही नाही. मी विचारलं, येतोय ना आवाज?

ती म्हणाली, “हं.”